नाव टाकलेलं ताट

छकुलीच्या हातातलं ताट मोनालीनं असं झिडकारलं, की ते पोह्यांसकट ओसरीवर आपटलं, कडेवर उभं राहून गरगरत अंगणात उतरलं आणि पलीकडे मेंढरांच्या शेडपाशी बाजेवर बसलेल्या कारभारीच्या पायाशी येऊन खणखणत आडवं झालं. पोहे ओसरीभर सांडलेले, दहा वर्षांची छकुली हात पुसत उभी, आणि चुलीपुढची म्हातारी साखराबाई आपण काही ऐकलंच नाही अशी जाळ फुंकत राहिलेली.

"किती डाव सांगितलं तुला, त्या ताटाला हात लावायचा न्हाई म्हणून?" मोनाली कडाडली. "नाव दिसत न्हाई का त्याच्यावरचं? पाचवीत जाऊन काय शिकून राह्यली?"

"दिसतंय की," छकुली म्हणाली. "म्हणून तर घेतलं. मोठ्या बाबांच्या ताटात पोहे जास्त मावतात."

कारभारीनं वाकून ताट उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि ओसरीकडे बघत म्हणाला, "ताटाला बी मालक कळतो बघ, मोनाली. बराबर घरी आलं."

एरवी या वाक्याला अर्धं टेंभुर्णी गाव हसलं असतं. आज एक कोकरू तेवढं ओरडलं.

ताटाच्या मधोमध, भांड्याच्या दुकानातल्या मशीननं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं एकच नाव होतं : कारभारी. घरातल्या बाकीच्या भांड्यांवरही नावं होती, पण ती आहेर देणाऱ्या मामा-मावश्यांची, कौतुकानं टाकलेली. हे एकच नाव घरानं सावध राहावं म्हणून टाकलेलं होतं. ताट, तांब्या आणि वाटी अशा तीन भांड्यांचा कारभारीचा संसार होता, आणि गेली बारा वर्षं तो संसार मेंढरांच्या शेडमध्ये, पत्र्याखाली चालला होता. जेवण ओसरीच्या पायरीवर येई. भाकरी वरून पडे, पाणी वरून पडे. जेवून झालं की तो आपलं ताट आपणच राखेनं घासून शेडच्या खुंटीला उलटं टांगून ठेवी. का, तर कारभारीला काळी कावीळ आहे... रक्तातली... जी जात नाही.

आणि गंमत अशी, की काळी कावीळ कारभारीला नव्हतीच!

गावात कारभारीची ओळख वेगळी होती. पन्नाशीला आलेला हा माणूस म्हणजे खोड्यांचं दुकान. सरपंच अप्परावांच्या सत्काराला आणलेला हार एडक्याच्या गळ्यात घालून, त्या एडक्याला डोक्यावर टोपीसकट स्टेजवर सोडणारा तोच. शेजारच्या रामकिसनाला 'तुझ्या म्हशीचं आधार कार्ड काढावं लागतंय' असं सांगून जाफराबादला रांगेत उभा करणारा तोच. पण खोडी काढणाऱ्याची एक अंदरकी बात असते, ती लोकांना माहीत नसते. खोडी काढणारा पकडलं जायची वाट बघत असतो. कोणीतरी कान धरावा, 'तूच ना रे ते' म्हणावं, पाठीत एक धपाटा घालावा आणि मग सगळ्यांनी मिळून हसावं, एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप. कारभारीनं जन्मात एकच खोडी अशी काढली, की बारा वर्षं झाली तरी त्याला कोणी पकडलंच नाही...

बारा वर्षांपूर्वीचा तो दसरा. गावात रक्तदानाचं शिबिर लागलेलं. धाकटा भाऊ ओमप्रकाश तेव्हा सव्वीसचा, नुकतीच सुपारी फुटलेली, आष्टीची मोनाली ठरलेली, वैशाखातलं लग्न धरलेलं. अंगात नवरदेवाची मस्ती. दिलं रक्त, घेतलं प्रमाणपत्र, खाल्लं केळं. फॉर्मवर मात्र नंबर थोरल्या भावाचा टाकला, कारण त्याच्या स्वतःच्या मोबाईलचा बॅलन्स कायम संपलेला. पंधरा दिवसांनी फोन आला तो कारभारीला. जालन्याला येऊन भेटा, म्हणाले.

दोघं गेले. आतल्या बाईंनी ओमप्रकाशला नीट समजावून सांगितलं, की रक्तात हिपॅटायटिस बी, म्हणजे काळी कावीळ, निघाला आहे, घाबरायचं नाही, दर सहा महिन्यांनी तपासायचं, दारू शिवायची नाही, दाढीचं ब्लेड आपलं वेगळं ठेवायचं, आणि लग्न करण्याआधी बायकोला तीन डोस लसीचे द्यायचे, म्हणजे तिला काही होत नाही. घाबरायचं नाही हे ओमप्रकाशला ऐकूच आलं नाही. जालन्याच्या बसस्टँडवर, रसवंतीच्या बाकड्यावर बसून तो लहान लेकरासारखा हुंदके देत राहिला.

"सोयरीक मोडतीय, दादा. गाव तोंडात शेण घालंल. मी जगून तरी काय करू..."

बाप गेला तेव्हा ओमप्रकाश सहा वर्षांचा होता. त्याला कारभारीनं खांद्यावर घेऊन मेंढरांमागं वाढवलं. स्वतःची बायको लग्नाच्या तिसऱ्या वर्षी पान लागून, म्हणजे साप चावून, गेली, लेकरू नाही, तेव्हापासून तर हाच त्याचा लेक. त्या रडणाऱ्या भावाकडं बघता बघता कारभारीच्या डोक्यात, सवयीप्रमाणं, एक खोडी आली.

"असं कर," तो म्हणाला. "रक्त तुझं, नाव माझं."

"म्हंजी?"

"म्हंजी कावीळ मला निघाली. घरात काळी कावीळ हाय म्हणलं की समद्या घराला सुया टोचाव्या लागतात का न्हाई? मायला बी, आन् येणाऱ्या सुनेला बी. कोणी ईचारणार न्हाई कशापायी. तपासायला दर सहा महिन्याला मला घेऊन तू जालन्याला येणार. आत तू जाय, मी भाईर भजे खातो. झालं. मला कोणती पोरगी पाहायची हाय?"

ओमप्रकाश नको नको म्हणाला... पण फार वेळ म्हणाला नाही.

आष्टीच्या व्याह्यांकडं कारभारी स्वतः गेला. जेठाला, म्हणजे आपल्यालाच, आजार आहे हे सांगून टाकलं आणि वर म्हणाला, "हुंडा नको, मानपान नको, पोरीला तीन सुया तेवढ्या टोचून घ्या." सगळे हसले. व्याह्यांनी मात्र जाता जाता एक अट घातली, की पोरगी देतो, पण जेठाचं खाणंपिणं वेगळं पाहिजे. कारभारीनं हसतच मान डोलवली. खाण्यापिण्यानं हे लागत नाही, हे जालन्याच्या बाई सांगत होत्या खऱ्या. पण तो तेव्हा बाहेर बसलेला, आणि ओमप्रकाशनं हुंदक्यांतून जेवढं ऐकलं तेवढंच त्याला सांगितलं. ताट वेगळं करतात म्हणजे तसंच असेल, असं घर समजलं, गाव समजलं, आणि खुद्द कारभारीही तसंच समजला. आठ दिवसांनी मायनं दुकानातून नाव टाकलेलं ताट आणलं. ते त्याच्या हातात देताना तिनं तोंड दुसरीकडं फिरवलं होतं.

कोणती पोरगी पाहायची, असं तो म्हणाला होता खरा... पण एक होती. जांब समर्थची कौसल्या, विधवा, चार एकराची मालकीण, तोंडाची फटकळ. राममंदिरात नवमीच्या गर्दीत कारभारीनं तिच्या चपला लपवल्या, तर तिनं त्याच्या चपला घालून सरळ घर गाठलं. अनवाणी चालत येताना त्या उन्हातसुद्धा हा हसत होता. दोन्हीकडून मंडळींचं बोलणं निघालं होतं. कावीळ कळल्यावर तिच्या भावाचा नको म्हणून निरोप आला. एक शब्द सांगितला असता, बाई गं हे माझं रक्त नव्हे, तर... पण तो शब्द एकदा बाहेर पडला की आष्टीपर्यंत जायला किती वेळ? त्यानं तिच्या चपला तेवढ्या परत पाठवल्या. त्याच्या चपला काही परत आल्या नाहीत.

पहिली काही वर्षं बरी गेली. वर्षातून दोनदा जालना होई. ओमप्रकाश आतून रिपोर्ट घेऊन येई, लिव्हर चांगलं आहे म्हणून सांगे, आणि दोघं भाऊ एका कागदावरची भजी, एकाच चटणीत बुडवून खात. कारभारीची वर्षाची पंगत तेवढीच. पण मग ओमप्रकाश म्हणू लागला, मी बियाण्याच्या निमित्तानं एकटाच जाऊन येतो, तू काहून हेलपाटा घालतो. ती भजीही गेली. लग्नकार्य निघालं की मात्र कारभारी आनंदायचा, लांबच्या सोयऱ्यांच्या लग्नालाही मुद्दाम जायचा, कारण तिथं पत्रावळी असते, आणि पत्रावळीवर कोणाचं नाव नसतं.

आणि दोन वर्षांपूर्वी छकुलीच्या वाढदिवसाला आष्टीची मंडळी आली, तेव्हा कारभारी विसरून ओसरीवर टेकला, तर सगळ्यांदेखत ओमप्रकाशच म्हणाला, "दादा, तू तिकडं शेडात बस ना. मी आणून देतो." ओमप्रकाश म्हणाला! कारभारी उठला, "मेंढरं बी वाट पाहून राह्यलीत म्हणा" असं काहीतरी बोलला, लोक हसले. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा समजलं, की धाकटा भाऊ ही गोष्ट विसरून गेला आहे. त्याला आता खरंच वाटू लागलं आहे, की आजारी थोरलाच आहे.

तर, पोहे सांडले त्याच सकाळी दारात गाडी थांबली. गावची आशा कार्यकर्ती दैवशाला पुढं, मागं पांढरा कोट हातावर टाकलेली एक तरुण डॉक्टरीण आणि बर्फाची पेटी घेतलेला एक माणूस.

"साखराबाई, हे गंधाली मॅडम," दैवशाला म्हणाली. "गावातल्या घरांची चिठ्ठी काढली, त्याच्यात तुमचं घर निघालं. समद्यांचं रक्त तपासायचं हाय, काळ्या काविळीचं."

ओमप्रकाश मोटरसायकल काढत होता. त्याचा पाय किकवरच राहिला.

"आमच्याकडं काय तपासता, मॅडम," कारभारी बाजेवरून ओरडला. "आमच्याकडचा माल अगोदरच पास हाय. रामकिसनच्या घरी जा. तो दुधात पाणी घालतो, त्याच्यात नक्की काहीतरी निघंल."

गंधाली हसली. "कुणाला आजार आहे म्हणून नाही आलो, काका. साध्या, धडधाकट माणसांत हा किती जणांना असतो, ते मोजतोय. म्हणून तर चिठ्ठी. ज्याचं घर निघेल, त्याचं. नको असेल तर नाही म्हणायचा हक्क आहे तुम्हाला."

"मंग न्हाईच," कारभारी झटकन म्हणाला.

"घे बाई, तू घे," साखराबाई ओसरीवर येत म्हणाली. "समद्यांचं घे. बारा वर्षं झाले, ह्याच्यापासून आम्हाला काही लागलं का न्हाई, एकदा कळू दे. पोरीचं आधी घे."

ह्याच्यापासून... माय त्याला नावानंसुद्धा बोलली नाही. कारभारीच्या अंतःकरणात काहीतरी खोल, खूप खोल, विहिरीत दगड पडावा तसं पडत गेलं आणि तळाला लागल्याचा आवाजच आला नाही.

सुया टोचताना कारभारी डॉक्टरणीला विचारत होता, "बरं मॅडम, असे किती निघतात?"

"मोजल्यावर नक्की कळेल. पण शंभर माणसं घेतली तर एक-दोन-तीन निघतातच. गाव कोणतंही असो. आणि त्यातल्या बहुतेकांना माहीतच नसतं."

 मनातल्या मनात कारभारीनं गावाचा हिशोब धरला. दहा हजार धरले तरी शे-दोनशे माणूस! हॉटेलात चहा पिणारे, भजनात टाळ वाजवणारे, लग्नात पहिल्या पंगतीला बसणारे, बायकोच्या हातचा घास खाणारे... शे-दोनशे जणांची तर आख्खी पंगत बसते. आणि त्या आख्ख्या पंगतीत नाव टाकलेलं ताट एकट्या त्याचं, ज्याच्या रक्तात काही नाही. त्याला हसू यायला पाहिजे होतं. एवढी मोठी गंमत त्याच्या हातून दुसरी झाली नव्हती.

"याआधी घरात कुणाला निघालाय?" गंधालीनं फॉर्म भरत विचारलं, आणि सगळ्या घराची बोटं एकदम शेडकडं वळली. तिनं खुंटीवरचं ताट पाहिलं. "ते ताट वेगळं का टांगलंय?"

"लागू नये म्हणून," मोनाली म्हणाली.

"ताटानं नाही लागत हो. एका ताटात जेवा, एका तांब्यानं प्या, गळ्यात पडा, काही होत नाही. रक्तानं लागतं. एकच सुई, एकच वस्तरा, नवराबायकोचा संबंध, बाळंतपणात आईकडून बाळाला. जेवणानं नाही. हे सांगितलं नाही कुणी तुम्हाला?"

सांगितलं होतं. ओमप्रकाशनं मान खाली घातली.

"मंग मी मोठ्या बाबांच्या ताटात खाऊ शकते?" छकुली म्हणाली.

"खुशाल खा."

छकुलीनं आईकडं बघितलं. मोनालीनं पदर तोंडाला लावला. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास सुटला, तरी साखराबाई उठली नाही.

अर्ध्या तासानं गंधालीनं एकेकाला घरामागं बोलावून घडी घातलेली चिठ्ठी हातात दिली. ज्याचं त्यालाच, दुसऱ्याला नाही, असा नियम होता. कारभारीची पाळी आली.

"काका, तुमच्यात काही नाही."

"बरं."

"तुम्हाला नवल वाटलं नाही?"

कारभारीनं इकडंतिकडं पाहिलं. "मॅडम, एक काम करता का? माझ्या चिठ्ठीवर 'हाय' असं लिव्हा. आन् माझ्या भावाच्या चिठ्ठीवर 'न्हाई' लिव्हा. कागदच हाय, काय फरक पडतो?"

तिनं हातातली यादी पाहिली, मग त्याच्याकडं पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, आणि तिला कळलेलं पाहून या पन्नाशीच्या गड्याचे डोळे एकदम भरून आले... कारण बारा वर्षांत कोणीतरी पहिल्यांदा त्याला पकडलं होतं.

"दुसऱ्याचं रक्त तुमच्या नावावर मला लिहिता येत नाही, काका," ती हलकेच म्हणाली. "मी कुणाला काही सांगणार नाही. सांगायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं."

तो तडक शेडमध्ये गेला. तिथं ओमप्रकाश मेंढरांकडं तोंड करून उभा होता, मुठीत चिठ्ठी.

"दे इकडं," कारभारी म्हणाला. "जल्दी. चिठ्ठीवर निस्ता नंबर हाय, नाव न्हाई. तुझी मला दे, माझी तू घे. माय आत्ता वाचायला मागंल."

ओमप्रकाशनं मूठ आणखी आवळली.

"आरं दे ना. मागच्या डावाला दिलंच व्हतं की."

"न्हाई, दादा."

"येडा झाला का? पोरगी मोठी होऊन राह्यली. मोनाली काय म्हणंल?"

"माझ्या पोरीच्या हातातून तिच्या मायनं ताट उडवलं सकाळी," ओमप्रकाश म्हणाला.  "मी तिथंच व्हतो. गाडी पुसत व्हतो. मला वाटलं... दादा, मला वाटलं, बरं झालं, पोरीला लागायचं. मलाच असं वाटलं! ज्याच्यापासून लागायचं तो मी, आन् मी तुला घाबरलो..."

त्यानं कारभारीच्या हातातली चिठ्ठी ओढून घेतली, अंगण ओलांडलं आणि दोन्ही चिठ्ठ्या ओसरीवर मायच्या पुढ्यात ठेवल्या.

"माय, कावीळ मला हाय. पहिल्यापासून मलाच हाय. दसऱ्याला रक्त मी दिल्तं, दादानं न्हाई. दादाला कधीच काही नव्हतं."

मग तो बोलत राहिला, फोनपासून भज्यांपर्यंत, आणि कोणी त्याला थांबवलं नाही. दैवशालानं आपली पिशवी उचलली आणि गंधालीला खुणेनं गाडीकडं नेलं. कारभारी शेडच्या दारात उभा राहून जवळच्या मेंढीची गोचीड काढत असल्यासारखं काहीतरी करत होता.

पहिली उठली मोनाली. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही. नवऱ्यापाशी थांबलीसुद्धा नाही. सरळ अंगण ओलांडून शेडपाशी आली, जिथं बारा वर्षांत ती कधी आली नव्हती.

"भाऊजी, मला सुया तुमच्यामुळं टोचल्या. जीव वाचला माझा, माझ्या पोरीचा. ते मी मरंपर्यंत इसरणार न्हाई." तिनं पदर कमरेला खोचला. "पण मला ईचारलं का कोणी? मला सांगितलं असतं तर मी न्हाई म्हणले असते का, व्हय म्हणले असते, ते माझं मला ठरवू दिलं असतं. तुम्ही दोघं भाऊ मोठे शहाणे. रोज सांजसकाळ तुमची भाकर वरून टाकायचं पाप माझ्या हातानं करून घेतलं. ते काहून करून घेतलं? सांगा ना. एरवी लई बोलता."

  त्या साध्यासुध्या प्रश्नापुढं कारभारीचा सगळा त्याग, बारा वर्षं मनात जपलेला, कधी एकांतात काढून कुरवाळलेला, एकदम उघडा पडला. त्यानं दिलं होतं खूप... पण विचारलं कोणालाच नव्हतं.

"चुकलं, माय," तो भावजयीला म्हणाला.

ती वाकली आणि त्याच्या पायाला हात लावून मागं फिरली. नवऱ्याजवळून जाताना एवढंच म्हणाली, "तुमच्याशी मंग बोलते मी. आधी समद्यांला जेवू द्या."

दुपारी ओसरीवर ताटं मांडली गेली. छकुलीनं शेडात येऊन त्याचा हात धरला. त्या लहानशा, गरम हाताचा स्पर्श त्याला सोसवेना. तो इकडं येऊन बसला, भाऊ आणि पुतणीच्या मध्ये, भिंतीला पाठ टेकवून. साखराबाई वाढत होती.  ओमप्रकाश आपलं ताट उचलून पायरीकडं जाऊ लागला, तेव्हा तिनं त्याच्या खांद्यावर हात दाबून त्याला खाली बसवलं.

"कुठं चालला? या घरात आता कोणाचं ताट वेगळं न्हाई. डॉक्टरीण काय बोलली, तू ऐकलं न्हाई का? का अजून बी अर्धंच ऐकतो?"

कारभारीपुढं त्याचंच ताट होतं. दुसरं होतं घरात, पण छकुली तेच घेऊन आली होती. पिठलं, भाकरी, कांदा. भाकरी आज वरून पडली नाही. मायनं ती हातानं ठेवली, आणि ठेवताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली...

किती वर्षं या पंगतीची त्यानं स्वप्नं बघितली होती! काय काय बोलायचं, कोणाची कशी फिरकी घ्यायची, सगळं ठरलेलं. आणि आता घास तोंडात फिरत राहिला, फिरत राहिला, गिळला जाईना. आजूबाजूला तीन माणसं जेवत होती, त्यांच्या खाण्याचे आवाज त्याला अनोळखी वाटत होते. डावीकडं ओमप्रकाशचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागत होता आणि तो गुडघा कुठं घ्यावा हे त्याला समजत नव्हतं. शेडातली मेंढरं आठवली. ती अशी जवळ बसत, पण ती बघत नसत.

अर्धी भाकरी ताटात तशीच सोडून तो उठला.

"काय झालं, दादा?" ओमप्रकाश म्हणाला.

"काही न्हाई. मेंढराला पाणी दाखवायचं हाय."

सवयीनं त्यानं ताट उचललं. सवयीनंच तो नळापाशी राखेच्या डब्याकडं वळला. तेवढ्यात मागून दोन सुरकुतलेले हात आले आणि त्यांनी ताट धरलं. त्यानं सोडलं नाही. म्हातारीनं ओढलं.

"सोड," साखराबाई म्हणाली.

ती ते ताट घेऊन पायरीवर बसली, त्याच पायरीवर, जिथं बारा वर्षं त्याचं जेवण ठेवलं जाई. बोटानं तिनं पिठल्याखाली झाकलेलं नाव पुसून बघितलं. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण ती कुठं आहेत ते तिला माहीत होतं.

"मी दुकानात गेल्ते," ती खाली बघतच म्हणाली. "दुकानदारानं ईचारलं, मावशे, काय नाव टाकू? मी सांगितलं. तो म्हणला, आहेर देऊन राह्यली का लेकाला? मी म्हणले, व्हय. आहेर हाय." ती थांबली. "वाटंनं येताना मी त्या ताटाला पदरात झाकून आणलं. कोणाला दिसू नये म्हणून. माझ्या लेकाचं नाव, आन् मी झाकून आणलं."

"आता जाऊ दे ना, माय."

"तू लहान व्हता तवा तुझं उष्टं मीच खात व्हते. लई सांडायचा तू."

आणि तिनं त्याची अर्धी राहिलेली भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि तोंडात घातली.

"माय, उष्टं हाय ते."

"माहीत हाय मला."

तोंडात चारच दात उरलेले, त्यामुळं एकेक घास चावायला तिला खूप वेळ लागत होता. ओसरीवर मोनालीचा, ओमप्रकाशचा, छकुलीचा हात ताटातच थांबला होता. म्हातारीच्या डोळ्यांतलं पाणी गालांवरून घासात मिसळत होतं, ते तिनं पुसलं नाही. काहीतरी बोलावं, मीठ जास्त झालं का म्हणावं, एखादी फिरकी घ्यावी, म्हणजे माय हसेल, असं कारभारीला फार वाटलं.

म्हातारी चावत राहिली, आणि ताट रिकामं झालं की घासायला आपल्यालाच परत मिळणार, या बारा वर्षांच्या सवयीनं कारभारी तिच्यापुढं हात पसरून तसाच उभा राहिला.